पहिला विजय

सरकारनं माणसाच्या आयुष्यात लुडबूड करू नये, एवढं एकच म्हणणं घेऊन आमचा चिमुकला पक्ष अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात चाळीस वर्षं हरत होता. गेल्या मार्चच्या गावसभेत मात्र आमचा वेंडेल पाइक गावाचा कुंपण निरीक्षक, म्हणजे शेजाऱ्यांचे कुंपणावरून होणारे तंटे सोडवणारा अधिकारी, म्हणून निवडून आला. हे खातंच बंद करीन, असं त्याचं वचन होतं. खात्यात होतं काय, तर एक टेबल आणि एक खुर्ची. मेपलच्या केकवर ताव मारून आम्ही पक्षाचा पहिला विजय साजरा केला.

यंदाच्या गावसभेत मी उठून विचारलं, "काय वेंडेल, खात्याला कुलूप कधी लावतोस?"

"लावणारच आहे. पण अख्खं खातं बंद करायचं म्हणजे एकट्याचं काम आहे का? आधी दोन मदतनीस मंजूर करा."