दुकानाचा पाळणा

"हात नका लावू त्याले," कोकिळा नवऱ्याला म्हणाली, आणि किसनरावांच्या हातात पाळण्याची दोरी तशीच राहिली.

समोर तहसील कचेरीतले वामनराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. पौषात नागपूरला मध्यप्रांत-वऱ्हाडाचं प्रदर्शन भरणार होतं. मेहकर तालुक्यातून एकच वस्तू जायची होती. इथे जमलं नाही तर ते दुसऱ्या गावच्या सुताराकडे निघणार होते.

किसनराव सहा महिने याच दिवसाची वाट पाहत होते. आजोबांनी दुकान थाटलं त्या दिवशीच हा सागवानी पाळणा दारात टांगला होता. चारी कोपऱ्यांना मोर, कठड्यावर पोपटांची रांग. आत फळ्यांवर देव्हारे, लाकडी बैल, पोळपाट. बाजाराच्या दिवशी लोक नुसते बघायलाही येत. पण पाळणा घ्यायला कोणी आलं, की आधी दारातला हा अकरा झोके देऊन दाखवायचा. कुरकुरला, तर नवा पाळणा फुकट! साठ वर्षांत तशी पाळी आली नव्हती.

रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून बायका कुजबुजत. आजोबा हसून सांगत, "हा घरचा नाई, दुकानाचा हाय."

लग्न होऊन आल्यापासून, गेली अकरा वर्षं, झोके कोकिळाच देत आली होती.

आणि नेमकं आजच तिचं बिनसलं होतं. सकाळी पाळणा जवसाच्या तेलाने पुसायला सांगितला, तर नाकाला पदर लावून बाहेर गेली. आगगाडीने नागपूर दाखवतो म्हटलं, तर म्हणे, "मी नाई येत." परवा भाजीला नावं ठेवली होती, त्याचाच हा राग, असं किसनरावांनी ठरवून टाकलं. भाजीपायी नागपूर घालवणाऱ्या बाईपुढे काय डोकं आपटायचं!

"पाळण्यात काही दोष हाय का?" वामनरावांनी विचारलं.

"दोष? तुम्ही कान लावून आयका, साहेब." किसनरावांनी पुन्हा दोरी ओढली. कोकिळाने सरळ दोन्ही हातांनी पाळणाच धरला.

"काऊन वं?" ते हळूच म्हणाले. "भाजी चांगली होती. मीच खोटं बोललो."

कोकिळाला हसू आलं. वामनराव मात्र टोपी घालून उठले.

"बसा भाऊ," ती किसनरावांकडे हात करून म्हणाली. "नागपूरले तो देव्हारा न्या. यायच्या हातचा हाय. पाळण्यापेक्षा झ्याक उतरला."

वामनरावांनी देव्हारा उचलला, उजेडात फिरवून पाहिला. मग खिशातून कागद काढून ते नाव लिहून घेऊ लागले.

किसनरावांना आनंद झाला, पण कोडं सुटेना. "अन् पाळण्याले काय धाड भरली?"

कोकिळाने पदर पुढे ओढला.

"हा आता दुकानाचा नाई, घरचा हाय," ती म्हणाली. "मिरगात भरू द्या, मंग हालवा."