करडा कागद

मिक्सरच्या भांड्यात बाबांची पत्रं होती.

उपासनाला आधी ते कळलंच नाही. ती ऑफिसातून आली, बॅग खुर्चीत टाकली आणि आईनं एवढी चटणी कशाला वाटली म्हणून झाकण उघडून पाहिलं. आत करडा लगदा. शेजारच्या पातेल्यात आंतरदेशीय पत्रांची उरलेली पानं भिजत पडली होती, आणि त्यांवरचं तिरकं अक्षर बाबांचं होतं.

तिनं झाकण ओट्यावर आपटलं.

"आई, काय केलंस तू हे?"

आई मागच्या अंगणात उघडणाऱ्या पॅटिओच्या काचेपाशी वाकली होती. खिडकीची जाळी काढून तिनं तिच्यावर लगद्याचा पातळ थर पसरला होता.

"कागद करून राहिली," आई म्हणाली. "तू दाखवला होतास तसा."

गेल्या रविवारी उपासनानंच तिला शिकागोच्या म्युझियममध्ये नेलं होतं. हजारएक वर्षांपूर्वीची जपानी हस्तलिखितं होती. चीनहून मागवलेला नक्षीचा कागद, त्यावर अभ्रकाची चमक, सोन्याचा शिडकावा, आणि चिनी वळणातून निघालेली बारीक जपानी अक्षरं. लोक तिथंच गर्दी करून होते. आई मात्र एका मळक्या, करड्या पानापाशी थांबली. त्यावर एका बाईनं उतरवलेलं बुद्धाचं सूत्र होतं, चिनी लिपीत. "चीनचा एवढा भारी कागद मिळत असताना हिनं असला का घेतला?" आईनं विचारलं. उपासनानं खालची पाटी वाचून सांगितलं. नवरा गेल्यावर त्या बाईनं त्याच्या पत्रांचा लगदा केला, त्याचाच कागद केला आणि त्यावर सूत्र उतरवलं. जुनी शाई पुरती धुतली जात नाही, म्हणून हा रंग. "हाऊ स्वीट ना," असंही ती वर म्हणाली होती.

"पुढच्या आठवड्यात ते गेल्याचं पुण्यानुमोदन आहे," आई म्हणाली. "म्हटलं, यावर पंचशील लिहावं."

"अगं, पण बाबांची पत्रं होती ती. मी सगळी स्कॅन करणार होते. निदान एक फोन करायचास. असं कोणी करतं का?" उपासनाचा आवाज चिरकला. "आता बाबांचं काय उरलं माझ्याकडे?"

आईनं पदराला हात पुसले.

"ती मला लिहिलेली होती. बल्लारशाहला ड्यूटी होती ना त्यांची, तेव्हाची. तोंडपाठ आहेत मला. कुठलंही विचार."

उपासनानं पातेल्यातलं एक भिजलेलं पान उचललं.

"तुला आलेल्यांतलं एकही घेतलं नाही मी," आई म्हणाली. "गराजमधल्या खोक्यात सापडली. टेबलावर ठेवलीत बघ."

टेबलावर दोरा बांधलेला गठ्ठा होता. बाबांनी नागपूरहून इथं शॉमबर्गला तिला पाठवलेले लिफाफे. रविवारी फोनवर बाबा न चुकता विचारायचे, पत्र मिळालं का गं? आणि ती म्हणायची, हो बाबा, वाचलं.

तिनं वरचा लिफाफा उचलला. तो फोडलेला नव्हता. त्याच्या खालचा पाहिला. तोही नव्हता. मग दोरा तोडून ती भराभर सगळा गठ्ठा उलटा करून पाहू लागली.

आईनं जाळी उन्हाकडे फिरवली.

"ती नाही टाकता येत मिक्सरमध्ये," आई म्हणाली. "आधी कोणीतरी वाचायला हवीत ना."