दुसरं सिम

स्क्रीनवर पुन्हा तेच आलं. कोड पाठवला आहे. नंबरचे शेवटचे दोन आकडे : ४७.

"कुणाचा नंबर असेल हा, काका?" अनितानं विचारलं.

अर्जुनराव लोखंडी रॅकला टेकून उभे होते. त्यांच्या खिशातला मोबाईल थरथरला.

"आता कुणाचा सांगू? किती पोरं आली न् गेली. माझा बासष्टवर संपतो, ठावं हाय तुला."

बासष्टचं खरं होतं. पण त्यांच्या मोबाईलमध्ये दोन सिम होती, आणि दुसऱ्या सिमचा नंबर घरच्यांपलीकडे कुणाकडे नव्हता.

रविवारी कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट घेतलं होतं. सोमवारी सकाळपासून पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या या प्रेस शॉपचा मेल बंद. जात नाही, येत नाही, आत शिरायचं तर कोड मागतो. तिकडे मोठ्या कंपनीच्या गेटवर सोनू ड्रायव्हर भरलेली गाडी घेऊन उभा. इथून मालाच्या चलनाचा मेल गेला की तिथून मेलवर गेट नंबर येतो, आणि तो दाखवल्याशिवाय गाडी आत जात नाही. कंपनीकडे एक वाजेपर्यंत पुरेल एवढाच माल होता. पुढे त्यांची उत्पादनाची लाइन थांबली, तर उद्यापासून हे काम भोसरीच्या कुणाला तरी मिळणार होतं.

अनितानं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, वॉचमन म्हणतोय गाडी साइडला घे. घेऊ का? मग रांगेतली जागा जाते आपली."

"फोनवर नंबर देतायत का विचार ना, सोनूभाऊ."

"विचारलं की. पाय धरायचे तेवढे राहिलेत. मेलच पाहिजे म्हणतात, आणि आपल्याच पत्त्यावरचा."

दादासाहेब केबिनमधून बाहेर आले. आता मालक हिला झाडणार, असं अर्जुनरावांना वाटलं. ते रॅकपासून जरा सरळ झाले.

"घाबरू नको गं," दादासाहेब म्हणाले. "तूच काढशील यातून मार्ग. अर्जुनराव, हिला चहा सांगा."

अर्जुनराव चहा सांगायला गेले. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत अनिताच्या त्या खुर्चीत ते बसत होते. एकदा मेल अर्धा तास उशिरा गेला, तेव्हा याच दादासाहेबांनी मशीनच्या आवाजावर आवाज चढवला होता. चहाचं कुणी विचारलं नव्हतं.

टपरीवर उभे असताना खिसा पुन्हा थरथरला. त्यांनी बघितलं. सहा आकडे. दहा मिनिटांत शिळे होणार. पोरगी एकदा रडू दे, त्यांनी ठरवलं. एकदा म्हणू दे, काका, मला जमत नाही. मग सांगू.

अनिता रडली नाही. चहा निवून त्यावर साय धरली तरी ती एकेक गोष्ट करून बघत होती. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलून बघितला. जुन्या फाइलींमधून नोकरी सोडून गेलेल्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. चौथ्यांदा कोड मागवला तेव्हा अर्जुनरावांच्या खिशातला मोबाईल रॅकला टेकलेला होता. लोखंडी पत्रा घुमल्यासारखा वाजला.

अनिताची बोटं थांबली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"काका," थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत रेंज नाही. मी बाहेर जाऊन सोनूभाऊशी बोलते. तेवढं बसता का इथं? मी परत कोड मागवलाय."

ती उठली. खुर्ची त्यांच्याकडे वळवून ठेवली आणि गेली.

अर्जुनराव बसले. खुर्ची तिनं तिच्या मापानं उंच केली होती, त्यांचे पाय नीट टेकेनात. काचेतून अनिता पाठमोरी दिसत होती. फोन कानाला होता, पण ती बोलत नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. मोबाईल मांडीवर धरून एका बोटानं सहा आकडे टाकले.

क्षणभर काही झालं नाही. मग अडकलेले मेल सुटले आणि शनिवारपासूनचे मेल धडाधड आत येऊ लागले. गेट नंबरचा कुठला ते शोधायला त्यांनी वरून सुरुवात केली. डिअर अनिता मॅडम. दुसरा उघडला. डिअर अनिता मॅडम. तिसरा, पाचवा, आठवा. एका मेलमध्ये कुणी साहेबानं लिहिलं होतं, अनिता मॅडम आल्यापासून एकही मेल चुकला नाही.

अनिता आत आली. त्यांच्या खांद्यावरून वाकून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हा बघा, आत्ताच आला." तिनं नंबर सोनूला सांगितला. पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"सुटलं का गं?" केबिनच्या दारातून दादासाहेबांनी विचारलं.

"गाडी आत गेली, दादा."

"शाब्बास! मी म्हणालो नव्हतो?"

"मी नाही केलं. काकांनी केलं."

दादासाहेब हसले. "अर्जुनराव? तुम्हाला कधीपासून जमायला लागलं हे?"

नऊ वर्षांपूर्वी हे मेलचं खातं अर्जुनरावांनीच उघडलं होतं. तुमचाच नंबर टाका, मी कुठं जागेवर असतो, असं दादासाहेबच म्हणाले होते. अर्जुनरावांचे कान तापले. खातं आपल्याच नंबरवर आहे हे दाखवायलाच हवं म्हणून त्यांनी मोबाईल पुढे केला, अंगठ्यानं मेसेज उघडले.

पाच कोड एकाखाली एक होते. प्रत्येकापुढे वेळ होती. पहिला नऊ बावन्नचा.

अनिता स्क्रीनकडे बघत राहिली, कॉम्प्युटरच्या.

दादासाहेब जवळ यायच्या आत अर्जुनरावांनी मोबाईल खिशात घातला.

"आपोआप झालं, दादा," ते म्हणाले. "मी नुसता बसलो व्हतो."