क्वार्टरमागचं गवत

कारखान्याच्या कॉलनीत तीस वर्षं राहिलो आणि तीस वर्षं मला बायकोची लाज वाटली. पावसाळ्यात क्वार्टरमागचा तरोटा, थंडीत चाकवत, उन्हाळ्यात गळक्या नळाजवळची घोळ. रत्नप्रभा भाजीसाठी वाकून कोवळे शेंडे खुडायची. साहेबांच्या बायका नाक मुरडायच्या, "भाभीजी, ये तो गाय भी नहीं खाती." आणि मी शेळपट त्यांच्याबरोबर हसायचो.

रिटायर झालो, क्वार्टर सोडायची वेळ आली. शहराबाहेर मिसरोदला आमच्या नव्या फ्लॅटभोवती नुसता मुरूम आणि सिमेंट.

"आता काय खुडशील?" मी टोमणा मारला. ती सामान बांधत राहिली.

जूनमध्ये राहायला गेलो. महिन्याभराने सकाळी गॅलरीतून पाहतो तर शेजारचा मोकळा प्लॉट तरोट्याने हिरवागार झालेला, आणि मधोमध ही वाकलेली.

"हा इथे कसा आला गं?"

"तीन वर्षं दिवाळीनंतर आपण बांधकाम बघायला यायचो ना," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही ठेकेदाराशी भांडायचात, तेवढ्यात मी पर्समधलं बी टाकून यायचे. आता पिशवी घेऊन खाली या."