रांगेत

अतिदक्षता विभागाबाहेर लॅबमधल्या परुळेकरांनी लॅपटॉप मृणालकडे वळवला. तिच्या वडिलांच्या रक्तातला जंतू ओळखायचं काम विद्यापीठाच्या सामायिक क्लाउडवर गेलं होतं. स्क्रीनवर सकाळसारखंच लिहिलं होतं, ‘रांगेत’.

संगणक केंद्रात कोणतं काम आधी चालवायचं, ही रांग मृणालनेच आखली होती. त्यासाठी दोन अल्गोरिदम तिने ताडून पाहिले होते. एक खूप वेळ थांबलेल्या कामाला पुढे आणायचा, दुसरा कायम छोट्या कामांनाच आधी सोडायचा. दुसऱ्याचा सरासरी वेळ कमी निघाला, तिने तोच बसवला. वडिलांचं काम अवाढव्य होतं, आणि विद्यार्थ्यांची चिल्लर कामं एकामागून एक त्याच्यापुढे घुसत होती.

तिने संगणक केंद्राला फोन लावला. “माझ्या वडिलांचं काम पुढे घ्या, आत्ताच्या आत्ता!”

“हाताने घेता येत नाही, मॅडम. वशिलेबाजी नको म्हणून तुम्हीच कुलूप घातलंत. आता ते समितीच उघडणार, सोमवारी.”

डॉक्टर बाहेर आले. “जंतू कळल्याशिवाय औषध बदलता येत नाही. किती वेळ लागेल?”

परुळेकरांनी धीर दिला. “येईलच, साहेब. नवी पद्धत फार वेगवान आहे. सरासरी दहा मिनिटं लागतात.”