कोरडी गोधडी

"अगं, दारातूनच पत्ते टाकणार आहेस का? ये, बस माझ्या पलंगावर," भागीरथीबाईंनी हाक मारली.

यमुनाबाई आपली प्लास्टिकची खुर्ची सोडेनात. मागं एकदा त्याच पलंगावर खेळता खेळता भागीरथीबाईंच्या लेकीनं शिवलेली गोधडी त्यांच्याकडून ओली झाली होती. तेव्हापासून वृद्धाश्रमात त्या कोणाच्याच पलंगावर बसत नसत. चहासुद्धा अर्धाच कप घेत. आज मात्र सिस्टरनं त्यांच्या डायपरला नवं सेन्सर लावलं होतं. जरा ओलं झालं, की तिच्या मोबाइलवर लगेच कळणार होतं.

शेवटी त्या भीत भीत पलंगाच्या कडेला टेकल्या. डाव रंगात आला आणि सिस्टर दारात उभी राहिली. "आजी, जरा येता? औषध राहिलंय."

उठताना यमुनाबाईंनी हळूच गोधडी चाचपली. कोरडी ठणठणीत होती.

डायपर बदलून त्या परतल्या, तेव्हा भागीरथीबाई पत्ते पिसत होत्या. "हरायला लागलीस की बरं औषध आठवतं तुला!"

यमुनाबाई खळखळून हसल्या आणि गोधडीवर चांगली ऐसपैस मांडी घालून बसल्या. "वाट पत्ते. आणि चहा आला की माझा कप भरून घे गं."