खुर्ची कुणाची

कॅन्ससात ब्रदर लाइलचा प्रार्थनेचा तंबू लागला की त्याची माणसं दारातच थकलेल्या म्हाताऱ्या हेरायची. "उन्हातून आलात मावशी, बसा," म्हणत चाकांच्या खुर्चीत बसवायची आणि थेट स्टेजपुढे न्यायची. ऑर्फा दोन कोस चालत आली होती. तंबूत ओळखीचं कुणी नव्हतं. तीही बसली.

"बारा वर्षं ही माउली या खुर्चीला खिळून आहे!" लाइल गरजला. "प्रभूच्या नावाने सांगतो, ऊठ!"

ऑर्फाने बसल्या बसल्या खुर्चीची चाकं न्याहाळली. मग उठली. हालेलुयाचा एकच गजर झाला, माणसं रडायला लागली, आणि ऑर्फा खुर्ची ढकलत दाराकडे निघाली.

लाइल धावत येऊन कुजबुजला, "अहो मावशी, खुर्ची कुठे चालवलीत?"

"माझीच ना ती? तूच सांगितलंस की सगळ्यांना." मग ती हळूच म्हणाली, "नवरा पवनचक्कीवरून पडला, तेव्हापासून खाटेवर आहे रे. त्याला एकदा आपला गहू बघायचाय."

एवढी गर्दी बघत होती. लाइल हसून "आमेन" म्हणाला, आणि गर्दी पांगताच तिच्या मागे पळत सुटला.

संध्याकाळी गव्हाच्या कडेला खुर्चीत बसून आल्व्हाने बायकोला विचारलं, "म्हणजे त्या तंबूत खरंच चमत्कार होतात म्हणायचं?"

"तंबूत नाही, इथे झाला," ऑर्फा म्हणाली. "तुला उचलून खुर्चीत बसवून गेला ना, तो खुर्ची हिसकावून न्यायला आला होता."